माहेरच्या बंगल्यावर सही देण्याआधी

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव गाळून त्यांची अडचण थोडक्यात सांगतो. वडील सरकारी इंजिनिअर. १९७८ साली त्यांनी नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या भागात सहा हजार चौरस फुटांचा नझूलचा (सरकारी जमिनीचा) प्लॉट, म्हणजे त्यावरचा भाडेपट्ट्याचा हक्क, विकत घेतला आणि बंगला बांधला. दोन वर्षांपूर्वी ते वारले. मृत्युपत्र केलं नव्हतं. मागे आई, दोन भाऊ आणि या ताई. ताईंचं सासर गावात, कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. आता भाऊ बंगला पाडून बिल्डरकडून बारा फ्लॅटची इमारत उभी करायला निघाले आहेत. ताईंना पाच लाख देऊ म्हणतात आणि हक्कसोडपत्रावर सही मागतात. यंदा ताईंच्या मुलीला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला आजोळी ठेवावं म्हणून शब्द टाकला, तर मोठा भाऊ म्हणाला, "तुह्या लग्नात देलं ना सारं, आता इथं काय रायलं तुहं?" वहिनींनी वर ऐकवलं की या वस्तीची रीत वेगळी, खेड्यातल्या पोरीला जड जाईल. आणि नझूलच्या जागेत मुलीचं नाव चढत नाही, असंही सांगून झालं. ताई विचारतात, सही करू का? आणि माझी पोरगी त्या घरात राहू शकते का?

ताई, सही करू नका. पत्रातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं धरून ठेवा.

आता कारण सांगतो. घर वडिलांच्या कमाईचं, मृत्युपत्र नाही. अशा मिळकतीला हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम ८ लागतं. पत्नी, मुलगे, मुली हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आणि सगळ्यांचा हिस्सा सारखा. तुम्ही चौघं आहात, म्हणून तुमचा चौथा हिस्सा. मुलींना हक्क २००५ साली मिळाला असं गावोगाव बोललं जातं. ते वडिलोपार्जित मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काबद्दल आहे. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा १९५६ पासूनच भावाइतका आहे. उद्या भाऊ म्हणाले की प्लॉट आजोबांचं वावर विकून घेतला, म्हणून तो वडिलोपार्जित, तरी घाबरू नका. मग तुम्ही २००५ च्या दुरुस्तीने भावांसारख्याच सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, ठरता. वडील, आई आणि तुम्ही तिघं असे पाच वाटे पडतात, वडिलांचा पाचवा वाटा पुन्हा चौघांत जातो, आणि हिशेब फिरून चौथ्या हिश्श्यावरच येतो.

त्या २००५ च्या दुरुस्तीत एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे. आधी कलम २३ होतं. बापाच्या राहत्या घरात मुलगे राहत असतील तर ते स्वतः वाटणी करेपर्यंत मुलीला वाटणी मागता येत नसे. विवाहित मुलीला तर तिथे राहायचाही हक्क नव्हता. विधवा, परित्यक्ता झाली तरच. ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलम गेलं. तुमच्या भावाच्या तोंडी आहे ते हेच जुनं कलम. कायद्याच्या पुस्तकातून ते उठलं, घरांतून अजून उठलेलं नाही. माझ्या तालुक्याच्या कोर्टात दर महिन्याला एखादी बाई हेच वाक्य ऐकून आलेली असते, आणि बहुतेक वेळा सही करून आलेली असते. मग मला फार थोडं करता येतं. म्हणून तुम्ही सहीच्या आधी लिहिलंत याचं मला खरंच बरं वाटलं.

लग्नात दिलेल्या दागिन्या-भांड्यांनी वारसाहक्क फिटत नाही. तसा वजावटीचा कुठलाही नियम नाही.

नझूलचं म्हणाल तर जमीन सरकारची, हे खरं. पण भाडेपट्ट्याचा हक्क ही मिळकतच आहे आणि ती वारसांकडे जाते, मुलगा-मुलगी असा भेद न करता. उलट नझूलमुळे तुमची बाजू थोडी भक्कमच होते. असा हक्क हस्तांतरित करायला पट्ट्याच्या अटींप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणजे फाईल नझूल शाखेच्या टेबलावरून जाते. विदर्भातले असे पट्टे अधिमूल्य (सरकारने ठरवलेली रक्कम) भरून भोगवटादार वर्ग-१, म्हणजे पूर्ण मालकीचे, करून देण्याची योजनाही सरकारने आणली आहे. भाऊ बिल्डरसाठी त्याच वाटेने जात असण्याची शक्यता आहे. नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, नझूल शाखेत, "मी कायदेशीर वारस आहे, माझ्या लेखी संमतीशिवाय नूतनीकरण, हस्तांतरण किंवा वर्ग-बदल करू नये" असा अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची प्रत सांभाळा. त्या फाईलवर आजवर काय काय दाखल झालं, ते माहितीच्या अधिकारात मागा.

त्याआधी आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेचा सरकारी उतारा, काढा. ती महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीची मिळते, गावातल्या सेतू केंद्रावर बसूनही काढता येईल. तिच्यावर वडिलांचंच नाव असेल तर चौघांची वारस नोंद व्हावी म्हणून नगर भूमापन कार्यालयात तुम्हीच अर्ज करा. भावांनी तुम्हाला वगळून नोंद करून घेतली असेल तर जिल्हा अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे अपील करा. मुदत साठ दिवसांची असते. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. आणि तरीही लक्षात असू द्या की फेरफाराने कोणी मालक होत नाही, आणि नाव नसल्याने कोणाची मालकी जातही नाही.

आता त्या कागदाबद्दल. पत्रात तुम्ही लिहिलंय की भाऊ पाचशेच्या स्टॅम्पवर टाईप केलेला मजकूर घेऊन आला होता आणि नोटरी गावातच करू म्हणत होता. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोटरीच्या कागदाने हक्क सुटत नाही. पण "मग सही करायला काय हरकत" असं म्हणू नका. तोच कागद पुढे "बहिणीने पैसे घेऊन वाटा सोडला होता" म्हणून कोर्टात समोर येतो आणि तो खोडून काढण्यात वर्षं जातात. त्याहून धोक्याचं म्हणजे आममुखत्यारपत्र. "तुले नागपूरले चकरा नको" असं मायेने म्हणून ते पुढे केलं जातं. मुखत्यारपत्र असलेला माणूस तुमच्या जागी सही करू शकतो. ते कोणालाही देऊ नका.

पाच लाख कमी की जास्त, हे मी इथून सांगणार नाही. नोंदणी विभागाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यात त्या भागाचा दर बघा. तो चौरस मीटरचा असतो, म्हणून सहा हजार फुटांचे सुमारे ५५७ चौरस मीटर धरून गुणा आणि चौथा भाग काढा. जमीन भाडेपट्ट्याची असल्याने त्यातून अधिमूल्याची रक्कम वजा होईल. बाजारातला भाव त्या तक्त्याहून वेगळा असू शकतो, पण हा आकडा हाती धरून बोलायला बसा.

मुलीच्या राहण्याचं. वाटणी होईपर्यंत सहमालकाचा हक्क मिळकतीच्या कणाकणावर असतो. त्या घरात राहायला तुम्हाला भावाची परवानगी नको, आणि तुमच्या मुलीला तुम्ही सोबत ठेवू शकता. तुमच्या आईचाही तितकाच चौथा हिस्सा आहे. तिने नातीला आपल्या खोलीत ठेवून घेतलं तर कोणाला बोलता येत नाही. वस्तीची रीत वगैरे कायद्यात कुठे नाही. हायकोर्टाच्या कामाला गेलो की मी त्या रस्त्यांनी पायी जातो. एप्रिलच्या उन्हातही तिथे फुटपाथवर सावली असते. ती सावली त्या शहरात राहणाऱ्या सगळ्यांची आहे, तुमच्या पोरीचीही.

तरी माझं मत विचाराल तर हक्क सिद्ध करायला पोरीला एकटीला त्या घरात पाठवू नका. पहिलं वर्ष तिला वसतिगृहात राहू द्या. टोमणे खाऊन अभ्यास होत नाही. कब्जाचा प्रश्न तुम्ही आणि तुमच्या वकिलाने सोडवायचा आहे.

पुढची वाट कोणती धरायची, ते तुमच्या मनावर आहे. मला यात भांडणाशिवायचा एक मार्ग दिसतो. बिल्डरसोबतच्या विकसन करारात तुम्ही स्वतः पक्षकार व्हा. पाच लाखांऐवजी तुमच्या हिश्श्यापोटी फ्लॅट मागा आणि त्याचा नंबर, मजला, चटई क्षेत्र, ताब्याची तारीख, तोवरचं घरभाडं, सगळं नोंदणीकृत करारात लिहून घ्या. पाचशे चौरस मीटरहून मोठा प्लॉट आणि आठहून जास्त फ्लॅट म्हणजे प्रकल्प महारेरात (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंदवावा लागतो, आणि तिथे जागेच्या हक्काची कागदपत्रं दाखवावी लागतात. म्हणून तुमच्या हिश्श्याची वकिली नोटीस बिल्डरलाही पाठवा. चौथी वारस सहीविना बाहेर आहे हे कळल्यावर कोणताही जाणता बिल्डर पैसे गुंतवणार नाही. नागपूरच्या वर्तमानपत्रात "जाहीर सूचना" आली तर तिच्यातल्या मुदतीत हरकत द्यायला लागते, तेव्हा तिथल्या कोणा ओळखीच्याला रोज नजर ठेवायला सांगा.

भाऊ ऐकतच नसतील तर नागपूरच्या दिवाणी न्यायालयात वाटणी आणि मनाईचा दावा. वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. दारव्ह्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा.

वडिलांनी लावलेल्या अंगणातल्या आंब्याबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिली आहे. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी असल्याशिवाय तो तोडता येत नाही. अर्ज आला की झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. पन्नास वर्षं वा त्याहून जुनं झाड २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्ष ठरतं. तुमचा आंबा १९७८ नंतरचा असेल तर तेवढा नसेल, पण सहमालक म्हणून हरकत तुम्हीही देऊ शकता.

सगळ्यात आधी मात्र आईला भेटा. तिची सही आधीच घेतली आहे का, कोणत्या कागदावर, आणि तो कागद तिला कोणी वाचून दाखवला होता का, हे तिच्याजवळ एकटीने बसून विचारा. पुढचं पत्र तेवढ्यावर लिहा.