मिक्सर पारखून घेतला, पॉलिसी मात्र डोळे मिटून

कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ३९. कीबोर्ड वाजवतात, चौघांचा ऑर्केस्ट्रा आणि छोटी साउंड सिस्टीम आहे. वर्षाला साठेक सुपाऱ्या मिळतात, खर्च वजा जाता सहा लाखांच्या आसपास हातात राहतात. घरी पत्नी, दोन मुलं आणि आई. पत्र लांब होतं, कामापुरतं देतो:

"सर, नऊ वर्षांपूर्वी २८ हजारांना सोळा चॅनेलचा साउंड मिक्सर घेतला. स्वस्तातली कंपनी म्हणून तेव्हा लोक हसले. वॉरंटी संपल्यावर पॉवर सप्लाय गेला, तर कंपनीच्या माणसानं कुठला स्क्रू आधी काढायचा इथपासून फोनवर सांगितलं आणि पार्ट कुरिअरनं फुकट पाठवला. तेव्हापासून आमच्यातले सगळे त्याच कंपनीचे झाले. आता डिजिटल मिक्सर घ्यायचाय. आमच्या कंपनीचा १ लाख ९० हजारांना पडतो. पुण्याचा एक इव्हेंट मॅनेजर म्हणतो, मोठ्या ब्रँडचा ४ लाख ६० हजारांचा घ्या, वर्षाला दहा-पंधरा शो नक्की. डीलर तीन लाखांचं फायनान्स देतोय, फक्त १२ टक्क्यांनी. कंपनीला धरून राहू की पुढं जाऊ? पैशाची तशी अडचण नाही. बँकेत वर्षाला ९६ हजारांची एफडी आहे, बारा वर्षं भरायची, विसाव्या वर्षी २२ लाख गॅरंटीनं. तीन हप्ते भरून झालेत. त्यावर लोनपण मिळेल असं बँकेतले साहेब म्हणाले."

आधी मिक्सरचं उरकून टाकू. आहे त्याच कंपनीचा घ्या. २८ हजारांच्या मिक्सरवर नऊ वर्षांत पाचशे चाळीस कार्यक्रम झाले, म्हणजे एका कार्यक्रमाला पन्नास रुपये पडले. यात भावनेचा प्रश्नच नाही, हा सरळ हिशेब आहे. शाहू स्मारकच्या हॉलमध्ये बसलेल्या श्रोत्याला मिक्सरवरचं नाव दिसत नसतं. फेडर खरखरला तर मात्र शेवटच्या रांगेतही कळतं, आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलणारं कुणी आहे की नाही, यावर तुमची पुढची सुपारी ठरते. डॉल्बीवाल्यांसारखी स्पीकरची भिंत उभारून तुम्हाला कुणाला हरवायचंही नाहीये.

मोठ्या ब्रँडचं गणित बघा. डीलरचे १२ टक्के 'फ्लॅट' आहेत. म्हणजे मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज तिन्ही वर्षं पूर्ण तीन लाखांवर लागतं. व्याज १ लाख ८ हजार, हप्ता ११,३०० रुपये, आणि खरा दर एकवीस टक्क्यांच्या पुढे. मिक्सर पडला ५ लाख ६८ हजारांना. तुमच्या कंपनीच्या मिक्सरपेक्षा पावणेचार लाख जास्त. एका कार्यक्रमात दहा हजार सुटतात असं धरलं, तरी नुसता हा फरक भरून काढायला अडतीस जादा सुपाऱ्या लागतील. आषाढात सुपारी नसते, हप्ता असतो.

"दहा-पंधरा शो नक्की" हे वाक्य मी वेगवेगळ्या धंद्यांतल्या लोकांच्या पत्रांत इतक्यांदा वाचलंय की आता हसूही येत नाही. त्या मॅनेजरकडे तीन तारखांचा अॅडव्हान्स मागा. दिलाच, तर त्या तारखांपुरता मोठा मिक्सर भाड्यानं आणा आणि भाडं बिलात लावा. नाही दिला, तर तुमचे पावणेचार लाख वाचले. १ लाख ९० हजारही कर्ज न काढता उभे करा. लग्नसराईनंतर निम्मे हातात असतील, उरलेले दिवाळीपर्यंत जमतील. तोवर जुना चालतोय.

आता त्या 'एफडी'कडे येतो.

बारा वर्षं हप्ते भरायची आणि विसाव्या वर्षी पैसे देणारी एफडी कुठल्याही बँकेत नसते. पावतीचा फोटो तुम्ही नंतर पाठवलात. त्यावर बँकेचं नाव कोपऱ्यात आहे, वर विमा कंपनीचं आहे, आणि 'प्रीमियम' हा शब्द तीनदा आलाय. ही एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेली. तुम्हाला ती एफडी म्हणून विकली. साहेबांनी चहा पाजला, वाढदिवसाला फोन केला, "कंपनीचा कॉल येईल, सगळ्याला हो म्हणा" असं सांगितलं, आणि तुम्ही हो म्हणालात. मिक्सर घेताना तुम्ही हेडफोन लावून एकेक चॅनेल ऐकला होता, गेन वाढवून हिस् येतो का बघितलं होतं. पॉलिसीच्या बेनिफिट इलस्ट्रेशनवर, म्हणजे केव्हा किती मिळणार ते दाखवणाऱ्या पानावर, तुमची सही आहे, पण ते पान वाचल्याची खूण पत्रात कुठेच नाही.

दोन्हीकडे तुम्ही माणसावर विश्वास टाकलात. फरक एवढाच, की मिक्सर कंपनीचा खरेपणा तुम्हाला नऊ वर्षांत साठ-साठ वेळा स्टेजवर तपासता आला. पॉलिसीचा खरेपणा विसाव्या वर्षी कळणार, आणि तोवर साहेबांच्या पाच तरी बदल्या झालेल्या असतील.

बारा हप्त्यांचे साडेअकरा लाख भरायचे आणि वीस वर्षांनी २२ लाख घ्यायचे. ऐकायला 'जवळजवळ दुप्पट'. दर काढला तर वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. हेच हप्ते पहिल्यापासून पीपीएफमध्ये भरले असते, तर आजचा ७.१ टक्के दर टिकला असं धरून विसाव्या वर्षी ३२ लाख झाले असते. तिथे तर सरकारची हमी आहे. बरं, विमा म्हणून तरी उपयोग आहे का? तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना दहा लाखांच्या आत-बाहेर मिळतील. ही तुमची वीस महिन्यांची कमाई झाली. आणि साहेबांनी सुचवलेलं लोन म्हणजे साडेचार टक्के कमावणाऱ्या स्वतःच्याच पैशावर नऊ-दहा टक्क्यांनी कर्ज काढणं.

पॉलिसी पटली नाही तर परत करायची फ्री-लुक मुदत केव्हाच गेली. साहेबांचा 'एफडी आहे, गॅरंटी आहे' असा व्हॉट्सअॅप मेसेज अजून फोनमध्ये असेल, तर तो आजच जपून ठेवा. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. मेसेज नसेल तर फार आशा ठेवू नका, तुमच्या सह्या त्यांच्या बाजूनं बोलतील.

दरम्यान विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडून टाकली, तर किती, आणि पेड-अप केली तर विसाव्या वर्षी किती. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि भरल्या प्रमाणात रक्कम शेवटी. बारापैकी तीन हप्ते भरलेत, म्हणून ढोबळ चौथाई, साडेपाच लाख धरू. उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये गेले तर त्याचे साडेएकवीस लाखांच्या जवळ होतात. बेरीज सत्तावीस. पॉलिसी चालू ठेवलीत तर बावीस. पेड-अपचा आकडा निम्मा निघाला तरी पॉलिसीच मागे राहते. गेलेल्या २ लाख ८८ हजारांचं वाईट वाटणारच, पण ते वाटतंय म्हणून आणखी साडेआठ लाख त्यात ओतू नका.

अर्थात ९६ हजार सगळेच्या सगळे पीपीएफमध्ये टाका असंही म्हणत नाही. तुमच्याकडे टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जिवाचा विमा, नाही आणि आरोग्य विमाही नाही. एक कोटीचा साठीपर्यंतचा टर्म वीस हजारांच्या आसपास मिळावा. तंबाखू असेल तर बराच महाग पडेल, तरी अर्जात खरंच लिहा. तुम्ही, पत्नी आणि मुलं अशा चौघांच्या दहा लाखांच्या आरोग्य विम्याला तीसेक हजार धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या दोन्ही हप्त्यांवर जीएसटी नाही. आई सत्तरीच्या असतील तर त्यांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या, त्याला उत्पन्नाची अट नाही. उरलेले पंचेचाळीस हजार पीपीएफमध्ये.

पण टर्म मिळवताना एक अडचण येईल. "कर लागत नाही म्हणून रिटर्न भरत नाही" असं तुम्ही सहज लिहून गेलात. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर शून्य होतो हे खरं, पण चार लाखांच्या वर उत्पन्न असलं की विवरणपत्र भरावंच लागतं. स्वतःचा धंदा असणाऱ्याला विमा कंपनी एक कोटीचं कव्हर देण्याआधी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. ती नसतील तर कव्हर कमी करते किंवा नाकारते. शिवाय इव्हेंट कंपन्या तुमच्या बिलातून टीडीएस कापत असतील, तो विवरणपत्राशिवाय परत येत नाही. २६ एएस, म्हणजे तुमच्या नावावर किती कर कापला गेला ते दाखवणारा फॉर्म, उघडून बघा. या वर्षीचं विवरणपत्र भरा, मागच्या वर्षांचं काय करता येईल ते राजारामपुरीत की लक्ष्मीपुरीत, जवळ असेल त्या सीएला विचारा. तोपर्यंत विवरणपत्राशिवाय जेवढं कव्हर मिळतं तेवढं घेऊन टाका. आणि टर्म, आरोग्य दोन्ही पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नका.

शेवटचं, सामानाबद्दल. ते शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ तळमजल्याच्या खोलीत असतं म्हणता. २०१९ ला आणि २०२१ ला तिकडं पाणी कुठवर आलं होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांची इशारा पातळी आली की रात्री अकराला टेम्पो मिळत नाही. नवा मिक्सर घ्याल त्याच आठवड्यात सगळ्या सामानाचा विमा काढा. पूर त्यात धरलाय का आणि सामान कार्यक्रमाला बाहेर नेलं तरी विमा लागू राहतो का, हे लेखी घ्या. अर्जात जागेचा खरा पत्ता द्या, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. आणि जूनच्या आत निदान मिक्सर आणि कीबोर्ड तरी वरच्या मजल्यावर हलवा.