नव्या कोचचा पहिला उखाणा

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. वीसेक वर्षांपूर्वी मी हेच ऑफिसातल्या एकाला विचारलं होतं, तेव्हा आषाढीला पंढरपुरात उभं राहून "एवढी गर्दी कशाला हो?" विचारणाऱ्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं होतं.

तुमची लेक लुइझियानात, बॅटन रूजला शिकते. 30 नोव्हेंबर 2025 च्या रविवारी तिच्या खोलीवरच्या मुली विद्यापीठाच्या नव्या फुटबॉल कोचचं, लेन किफिनचं, विमान उतरताना बघायला विमानतळावर गेल्या. त्याच दिवशी शेजारच्या मिसिसिपीत, जिथल्या विद्यापीठाचा संघ सोडून तो निघाला होता, लोक त्याच माणसाला विमानतळावर गाठून शिव्या घालत होते. तुम्ही विचारता, कोच म्हणजे शेवटी पगारी नोकर, त्याच्या येण्याजाण्यावर एवढं रडणं-नाचणं कशाला? आणि हा माणूस चांगला की वाईट?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 2026 च्या सप्टेंबरपासून मैदानावर. पहिल्यावर मात्र मला बोलता येतं, कारण मी नेब्रास्कात, लिंकन शहरात राहतो आणि इतक्या वर्षांत अशी तीन स्वागतं जवळून पाहिली आहेत.

आधी एक गोष्ट. हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. वर्षात साखळीचे सामने फक्त 12, त्यातले घरच्या मैदानावर सहा-सात. बाकीचे नऊ महिने लोक नुसती वाट बघतात. त्यात नेब्रास्कात मोठा व्यावसायिक फुटबॉल संघ नाहीच, जे काही आहे ते विद्यापीठाचा संघ. लिंकनच्या स्टेडियमचं प्रत्येक तिकीट 1962 पासून विकलं जातं आणि सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं असं इथे सांगतात. अनेक राज्यांत सर्वात जास्त सरकारी पगार राज्यपालाला नसतो, विद्यापीठाच्या फुटबॉल कोचला असतो. तेव्हा "पगारी नोकर" हा शब्द तुमच्या लेकीने तिथे जरा जपून वापरावा.

आता मुद्द्याचं. पहिल्या दिवशी लोक नव्या कोचकडे बघतात ते जुन्या कोचच्या चष्म्यातून. आमच्याकडचंच बघा. बो पेलिनी दरवर्षी किमान नऊ सामने जिंकायचा, पण मैदानावर सतत तापलेला, आरडाओरडा करणारा. मोठी ट्रॉफी काही येईना, 2014 मध्ये त्याला काढलं. मग आणला माइक रायली. ऑरेगनहून आलेला, मृदू बोलणारा गृहस्थ. त्याच्या पहिल्या पत्रकार परिषदेनंतर ऑफिसात सगळे म्हणायला लागले, "किती सभ्य माणूस आहे!" जणू सभ्यपणावर गुण मिळतात. 2017 मध्ये संघ 4 जिंकून 8 हरला आणि तोच सभ्यपणा "मवाळपणा" झाला. आता हवा होता आपला माणूस.

आपला माणूस म्हणजे स्कॉट फ्रॉस्ट. नेब्रास्काच्याच वुड रिव्हर गावचा पोरगा, 1997 च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (म्हणजे डावाची सूत्रं हलवणारा खेळाडू), आणि कोच म्हणून सेंट्रल फ्लोरिडाचा संघ 2017 मध्ये एकही सामना न हरता खेळवत असलेला. डिसेंबरच्या त्या रविवारी मी आमच्या शेजाऱ्याच्या तळघरात टीव्हीसमोर होतो. हा शेजारी शेतकरी कुटुंबातला, साठीचा, बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा ज्याचा चेहरा हलला नाही असा. फ्रॉस्ट घरी परतण्याबद्दल बोलायला लागला तसं याने आमच्या संघाची लाल टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला आणि नाक ओढलं. मी चिप्सच्या वाडग्यात बघत बसलो. अशा वेळी बघायचं नसतं.

पुढच्या एप्रिलमध्ये स्प्रिंग गेम झाला. म्हणजे आपलाच संघ दोन भागांत वाटून आपापसात खेळतो तो सराव सामना. ना गुण, ना निकाल. त्याला 86 हजारांवर लोक आले! मीही होतो, लाल शर्ट विकत घेऊन. सप्टेंबर 2018 मध्ये पहिला खरा सामना, अ‍ॅक्रनविरुद्ध, संध्याकाळचा. चेंडूला पहिली लाथ बसली आणि विजा चमकायला लागल्या. आम्ही स्टेडियमच्या पोटात उभे राहिलो, ओले, गर्दीत, आणि शेवटी सामना रद्द झाला. माझी आजी असती तर म्हणाली असती, मुहूर्तालाच शिंकलं कुणीतरी. पुढचे सहाच्या सहा सामने हरलो.

फ्रॉस्टचा हिशोब शेवटी 16 विजय, 31 पराभव असा भरला. निसटत्या फरकाच्या सामन्यांत तर 5 विजय आणि 22 पराभव. सप्टेंबर 2022 मध्ये जॉर्जिया सदर्नसारख्या लहान संघाकडून घरी हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. तीन आठवडे थांबले असते तर करार मोडल्याबद्दल त्याला द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्मी झाली असती. तेवढाही धीर धरवला नाही लोकांना. मग मॅट रूल आला तेव्हा कुणाला घरचा पोरगा वगैरे काही नको होतं. हवा होता मोडलेली घरं दुरुस्त करणारा गवंडी, आणि टेम्पल नि बेलर या दोन्ही विद्यापीठांत त्याने तेच केलेलं. शेजारी म्हणाला, "या वेळी मी काही आशा ठेवणार नाही." मार्चमध्ये त्याच्या दारात नवी लाल टोपी टांगलेली दिसली.

आता स्वागताच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी कोच जे बोलतो त्याला मी उखाणा म्हणतो. सगळ्यांना माहीत असतं की हे पाठ करून आलंय, तरी कान टवकारून ऐकतात, आणि अडखळलात तर आयुष्यभर चिडवतात. फरक एवढाच की आपल्याकडे नवऱ्याचं नाव घेतात, इथे शत्रूचं घ्यावं लागतं. बऱ्याचदा हा कार्यक्रम बास्केटबॉलच्या सामन्यात होतो, कारण डिसेंबर-जानेवारीत गर्दी तिथे आयती मिळते.

सर्वात सुरेख उखाणा जिम ट्रेसेलचा. जानेवारी 2001, ओहायो स्टेट विद्यापीठ. मिशिगनकडून वर्षानुवर्षं मार खाऊन लोक वैतागलेले. हा स्वेटर-टायमधला शांत माणूस माइक हातात घेऊन म्हणाला की आमच्या मुलांचा तुम्हाला अभिमान वाटेल, वर्गात, गावात, आणि विशेषतः 310 दिवसांनी अ‍ॅन आर्बर, मिशिगन इथे. बस्स. बाकी काही बोलायची गरजच उरली नाही. 310 दिवसांनी तो तिथे 26-20 असा जिंकलाही. कर्ट सिग्नेटीने डिसेंबर 2023 मध्ये इंडियानात एका दमात तीन शत्रूंची नावं घेतली, परड्यू, मिशिगन आणि ओहायो स्टेट, तेही असभ्य विशेषणासकट. इंडियाना म्हणजे फुटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हरणारं घर. मी इथे बसून म्हटलं, हा गेला! त्याने पुढच्याच हंगामात 11 सामने जिंकले आणि 2025 च्या हंगामात सोळाच्या सोळा जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. माझ्या अंदाजांची किंमत यावरून ठरवा.

आणि चुकलेला उखाणा तुमच्या लेकीच्याच गावचा. डिसेंबर 2021, ब्रायन केली. जन्म मॅसॅच्युसेट्सचा, त्याआधी नोकरी नॉटर डेम विद्यापीठात, म्हणजे पक्का उत्तरेकडचा. बॅटन रूजच्या बास्केटबॉल सामन्यात माइकवर "फॅमिली" हा शब्द त्याने असा काही दक्षिणी हेल काढून उच्चारला की देशभर हसू झालं. पुण्याचा माणूस कोल्हापुरात सत्काराला उठून "काय रं भावा" म्हणाला तर जे होईल तेच. तरी पहिल्याच वर्षी त्याने बलाढ्य अलाबामाला हरवलं आणि तो हेल कुणाला आठवेना. पुढे हरायला लागला तसा परत आठवला. ऑक्टोबर 2025 मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या संघाने घरी येऊन 49-25 असं धुतलं, दुसऱ्या दिवशी हकालपट्टी. त्याला देणं किती तर सुमारे 5.4 कोटी डॉलर. खुद्द राज्यपाल जेफ लँड्री पत्रकारांसमोर या पैशांवरून तणतणले आणि काही दिवसांतच विद्यापीठाचा क्रीडा संचालकही गेला.

म्हणजे किफिन उतरला तो या अंगणात. तिथल्या लोकांना महिनाभर नुसती लाज आणि उणीदुणी ऐकावी लागली होती. त्यात शेजाऱ्याच्या ताटातला, 11 सामने जिंकून प्लेऑफला (राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बाद फेरीला) निघालेला कोच उचलून आणला. टाळ्या वाजतील नाही तर काय? आणि मिसिसिपीच्या लोकांचं दुःखही खरं. पंगत बसली, पानं वाढली, आणि आचारी दुसऱ्या लग्नाला निघून गेला. त्यांनी सहायक पीट गोल्डिंगच्या हाती संघ दिला आणि तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. किफिनचं विमानतळांशी काही जुनं देणं असावं. 2013 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याला पराभवानंतर मध्यरात्री विमानतळावरच नारळ दिला होता. टेनेसी विद्यापीठ त्याने एका हंगामात सोडलं तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर जाळपोळ केली होती. बॅटन रूजमध्ये हे सगळं सगळ्यांना माहीत आहे. आपल्या घरी आलेला माणूस सुधारलेलाच असतो.

प्लेऑफच्या तोंडावर कोच बदलण्याच्या या घाईचंही एक कारण आहे. शाळकरी खेळाडूंच्या सह्या घेण्याचे दिवस नेमके डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतात आणि जानेवारीत संघ बदलणाऱ्यांचा बाजार उघडतो. तेव्हा ते भाषण अर्धं टीव्ही बघणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांसाठी असतं आणि अर्धं देणगीदारांसाठी. रडणारे आपले मध्ये बसलेले असतात.

त्या दिवसाच्या टाळ्या-शिव्यांवर जाऊ नका. ऑबर्न विद्यापीठाने 2008 मध्ये 5 विजय आणि 19 पराभव गाठीशी असलेला जीन चिझिक नेमला, तेव्हा विमानतळावर एकाने क्रीडा संचालकाला तोंडावर ओरडून हेच आकडे ऐकवले. दोन वर्षांनी चिझिकने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. त्यानंतर दोन वर्षांनी त्याला काढलंही, म्हणजे ओरडणारा नक्की बरोबर होता की चूक ते सांगणं अवघड आहे.

लेकीला म्हणावं, एप्रिलमध्ये काही कार्यक्रम असेल तर मुलींबरोबर जाऊन ये, त्यांच्या संघाचा जांभळा-सोनेरी शर्ट घाल, खाण्यापिण्याची मजा असते. फक्त "फॅमिली" शब्दाची ती नक्कल त्यांच्यासमोर करू नको. त्यांनी केली तर हसायला हरकत नाही.