कोयता कुठवर, कुऱ्हाड कुठून?

(अवजारांविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत पवनी तालुक्यातले एक खाती, म्हणजे लोहार. त्यांचा भाता अजून चालतो.)

काकाजी, मी आर्णी तालुक्यातला. मित्राचं पाहून ऑनलाइन 'मॅशेटी' मागवली. अठरा इंची काळं पातं, प्लास्टिकची मूठ. धुऱ्यावरचा (बांधावरचा) रायमुनिया, म्हणजे घाणेरी, सपासप कापला, पण बाभळीच्या वाळल्या फांदीवर मारली तर हाताला झिणझिण्या आल्या आणि धारेला दाता (खाच) पडला. बाबा म्हणतात, पैसे पाण्यात गेले. खरंच का?

पैसे पाण्यात नाही गेले बाबू, बाभळीत गेले. मॅशेटी हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचं अवजार. पातं तीन मिलिमीटरपेक्षाही पातळ, कारण तिकडे ती दिवसभर गवतावर, वेलींवर, उसावर चालवायची असते. हलकी आहे म्हणून हात थकत नाही आणि लांब आहे म्हणून टोकाला वेग येतो. ओल्या, मऊ झाडोऱ्यात तिच्याएवढं काम आपला कोयता करणार नाही, हे मी खाती असूनही कबूल करतो. पण बाभूळ, धावडा, तिवस यांच्या वाळल्या लाकडाला घावामागं वजन लागतं. ते तिच्यात नाहीच.

आपला कोयता पाठीकडून जाड आणि टोकाला वाकलेला. त्या आकड्यानं काटेरी फांदी हात न घालता ओढून घेता येते. जमिनीलगत घाव घालताना गोटा लागलाच तर बहुतेक वेळा आधी टोकाला लागतो, मधली धार वाचते. माझा हिशेब असा : अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत मॅशेटी, मनगटाएवढ्यापर्यंत कोयता, त्याच्यापुढं कुऱ्हाड नाहीतर करवत. फांदीवर घाव आडवा घालायचा नाही, तिरपा घालायचा. लाकडाचे रेषे तिरपे लवकर तुटतात.

आता दात्याचं. ग्राइंडरवाल्याकडं नेऊ नकोस. चाकावर धार तापून निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं समज. मग कितीही पाजव, चार फांद्यांत बोथट. कानस घे. पातं लाकडाच्या ठोकळ्यावर पक्कं धर आणि कानस पुढं ढकलतानाच दाब दे, मागं आणताना उचल. दाता एकदम काढायच्या मागं लागू नकोस, तिथं खड्डा पडेल. पूर्ण धारच थोडी थोडी मागं ने. शेवटी पाणी टाकून दगडावर घास. मग धार सरळ उन्हाकडं धरून पाहा. जिथं बारीक चमक दिसते तिथं ती अजून बोथट आहे.

आणि रायमुनिया सपासप कापलास, म्हणजे पावसाळ्यात तो दुप्पट फुटणार. बुडखा जिवंत असेपर्यंत त्याला कापणं म्हणजे छाटणी करून देणंच. जमीन ओली असताना, फळं धरायच्या आधी, आधी वरचा पसारा कोयत्यानं उतरव, मग टिकासानं (कुदळीनं) बुडखा मुळासकट काढ आणि उलटा करून ठेव, म्हणजे माती धरत नाही. पाखरं बी आणून टाकतातच, तेव्हा पुढच्या वर्षी धुऱ्यावर पुन्हा एक फेरी मारावी लागेल. जमिनीलगत छाटलेली खुंटं मात्र टोकदार ठेवू नकोस. तिरपं कापलेलं बारीक खुंट बैलाच्या खुरात आणि माणसाच्या चपलेतून वर जातं.

काकाजी, मी लाखांदूरकडची. घरचा कोयता मामाजींच्या (सासऱ्यांच्या) हाताचा. दुपारपर्यंत बांधीच्या (भातखाचराच्या) धुऱ्यावर चालवला की मनगट सुजतं. नवा घडवून घ्यायचा आहे. लोहाराला काय सांगू?

बाई, तुमचं मनगट कच्चं नाही, कोयता तुमच्या मापाचा नाही. बहुतेक घरांत अवजार पुरुषाच्या हाताच्या मापानं घडवलं जातं आणि धुरा बाई साफ करते. लोहाराकडं स्वतः जा, मालकांना पाठवू नका.

मूठ आधी सांगा. धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकावीत. मूठ जाड असली की घट्ट आवळून धरावी लागते आणि सूज तिथूनच येते. गोल नको, थोडी लंबगोल हवी, म्हणजे पातं हातात फिरत नाही. मागं लहान बोंड ठेवायला सांगा; घामेजल्या हातातून कोयता निसटत नाही. लाकूड धावड्याचं मिळालं तर उत्तम, नाहीतर बाभळीचं, पण पुरतं वाळलेलं. ओल्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात ढिली होते आणि ढिलं पातं कोणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही.

पातं ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं घ्या. पाट्याचं पोलाद थेट पाण्यात विझवलं तर तडकू शकतं, म्हणून आम्ही तेलात विझवतो. मग धार घासून उजळ करायची आणि पाठीकडून हळूहळू ऊब द्यायची. धारेवर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोयत्याला मी तपकिरी सरून जांभळा लागतो तिथं थांबतो. पिवळ्यावर थांबलं तर धार तडकते, निळा चढू दिला तर ती वाकते. तुमच्या लोहाराला विचारा, तो कोणत्या रंगावर थांबतो. त्याच्या उत्तरावरून तुम्हाला माणूस कळेल.

मुठीला जवसाचं तेल द्या, पात्यालाही हलका हात फिरवा. मात्र तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गठ्ठ्यातल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा.

सिंदेवाहीहून : मोहफुलं वेचायला जाताना वाघाच्या भीतीनं कमरेला कोयता लावतो. उपयोग होतो का?

नाही. वाकून फुलं वेचणाऱ्या माणसावर वाघ मागून येतो, कोयता उपसायला वेळ मिळत नाही. चांगलं उजाडल्यावर जा, चारपाच जण मिळून जा, बोलत राहा, एक जण उभा राहून पाहत राहू द्या. मोह तुमच्या वावरात असेल तर भोवतीची झुडपं कोयत्यानं उतरवून टाका, दूरवर दिसतं. पाचोळा झाडून घ्या, पेटवू नका. जंगलात वणवे त्यातूनही लागतात.

काकाजी, सेलूजवळ आमचं गाव. नागपूरचे मित्र येणार आहेत. बोरच्या जंगलात तंबू टाकून रोडग्यांचा (गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) बेत आहे. कोयता न्यायचा का?

बोरच्या जंगलात तंबू टाकायचा बेतच सोडा, ते अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणं अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत चाकूसुद्धा हत्यार आहे. बाहेरच्या राखीव जंगलातही झाड तोडता येत नाही.

वावरात कोयता ठेवायला कोणाची ना नाही. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण शेतीच्या आणि घरच्या कामासाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. तोच कोयता जत्रेत मिरवला, किंवा रीलसाठी नाचवला, तर 'शेतीचं अवजार आहे साहेब' हे ठाणेदाराला पटवणं कठीण जाईल. सणासुदीला, निवडणुकीला पोलिसांचे मनाईहुकूम असतात, तेही बघा. गाडीतून नेताना पातं पोत्यात गुंडाळून, बांधून न्या.

रोडगे तुमच्याच वावरात करा. गोवऱ्या घरून न्या, पेटवणीला तुराट्या. कोयत्यानं आधी आगटीभोवतीचं वाळलं गवत चार हात तरी साफ करा, जळण बारीक करा, पानग्यांसाठी पळसाची पानं उतरवा. कोयता चालवणाऱ्यापासून पाहुण्यांना दोन हात लांब उभं करा. शहरातली पोरं फोटो काढायला नेमकी समोर येतात. कोणाला लागलंच तर हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. स्वच्छ कापडानं दाबून धरा आणि सरळ दवाखान्यात न्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावा. वांग्याच्या भाजीसाठी सुरी वेगळी ठेवा.