ठाण्यात राहते, नवीन ओटीजी (घरगुती छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) घेतलाय, नाताळच्या सुट्टीत चार-पाच मैत्रिणींना बोलावून घरी बेकिंग करायचंय. सुरुवात कशाने करू? आणि जेवणाचं काय करू?

केक करू नका. पहिल्याच वाक्यात नाट लावल्यासारखं वाटेल, पण ऐका. केक म्हणजे एकीने फेटायचं आणि बाकीच्या चौघींनी ओट्याला टेकून "झाला का गं" विचारायचं, आणि मग चाळीस मिनिटं सगळ्यांनी मिळून ओटीजीच्या काचेत बघत बसायचं. मधे फुगला नाही तर सगळ्यांची तोंडं पडतात, आणि नवीन ओटीजीत पहिला केक मधे कच्चा आणि वरून करपलेला होण्याची शक्यता भरपूर, कारण बटणावर लिहिलेलं टेंपरेचर आणि आतलं टेंपरेचर याचा मेळ बसायला तुम्हाला स्वतःलाच दोनचार वेळा करून बघावं लागतं.

नानकटाई करा. पाच जणींच्या दहा हातांना काम मिळतं, बिघडली तरी खाता येते.

आमच्या लहानपणी नौपाड्यात दिवाळीच्या आधी आई मैदा, साखर, तूप पिशवीत घेऊन बेकरीत जायची, घरी भट्टी कुठे होती. बेकरीवाला मळून, गोळे करून, पत्र्याच्या मोठ्या ट्रेमधे लावून भाजून द्यायचा आणि आपण घरून नेलेल्या डब्यात भरून आणायचं. आई मात्र तिथेच स्टूल टाकून बसून राहायची, आपलंच तूप पडतंय की डालडा ते बघायला. मला तो गरम ट्रे बाहेर निघतानाचा वास अजून आठवतो आणि बेकरीवाल्याने हातावर ठेवलेली एक फुटकी नानकटाई, जी उचलली की बोटातच चुरा व्हायची. (गरम असताना ती मऊच असते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. हे लक्षात ठेवा, नाहीतर "अजून कच्ची आहे" म्हणून परत आत ढकलाल आणि विटा तयार होतील.)

माप सांगते, वजनाने घ्या, वाटीच्या भानगडीत पडू नका कारण प्रत्येकीची वाटी वेगळी. मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, तूप १५० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूट मीठ, वेलची आणि जायफळ. एवढ्यात साधारण २८-३० होतात. तूप आणि साखर आधी हाताने फेसायचं, अगदी पांढरं आणि हलकं होईपर्यंत, १० मिनिटं तरी, आणि हे काम ज्या मैत्रिणीला बोलायला सगळ्यात जास्त आवडतं तिला द्या, हात आणि तोंड दोन्ही चालू राहतं. मग पीठं चाळून घालायची, गोळा जमेल इतपतच एकत्र करायचं. पोळीच्या कणकेसारखं तिंबत बसायचं नाही आणि पाण्याचा थेंब घालायचा नाही.

आता माझा घोळ सांगते. पहिल्या वेळी मी घाईत तूप पातळ करून घातलं, एप्रिल महिना, स्वयंपाकघर तापलेलं, आणि ट्रे आत गेल्यावर पाच मिनिटांत सगळ्या गोळ्यांनी एकमेकांना मिठी मारली. एकच भलीमोठी नानकटाई झाली, ट्रेच्या आकाराची. उलथन्याने कापून वड्या पाडल्या आणि नवऱ्याला सांगितलं की ही नवीन पद्धत आहे. तर तूप थिजलेलं, रवाळ पाहिजे. डिसेंबरात आपल्याकडे तूप थोडंफार थिजतं पण ठाण्याच्या थंडीवर फार विश्वास ठेवू नका, वळलेले गोळे २० मिनिटं फ्रीजमधे ठेवाच, आणि पहिला ट्रे आत असेल तेव्हा दुसरा फ्रीजमधेच राहू दे. ओटीजी १७० वर १० मिनिटं आधी तापवून घ्या, वरचा खालचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खाचेत, १५ ते १८ मिनिटं. कडा खालून किंचित बदामी दिसायला लागल्या की बाहेर. वरून गुलाबी होण्याची वाट बघायची नाही.

आणि प्लग बघून घ्या हो. ओटीजी जरा मोठा असेल तर त्याला फ्रीज-गीझरवाला मोठा पॉवर प्लग लागतो, मिक्सरच्या छोट्या पॉइंटमधे एक्स्टेंशन लावून चालवायचा नाही. आमच्या जुन्या बिल्डिंगमधे ओटीजी आणि इस्त्री एकाच वेळी लावली तेव्हा सगळं घर अंधारात गेलं होतं आणि सासूबाईंची सिरियल ऐन वेळी बंद पडली. तो दिवस मी परत आठवत नाही.

नाताळच आहे तर दुसरा पदार्थ कुलकुल ठेवा. बेक होत नाही, तळायचं असतं, पण खरी गंमत त्यातच आहे. माझी एक मैत्रीण ईस्ट इंडियन आहे, म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिश्चन. १८८७ मधे व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी त्यांनी हे नाव घेतलं, आणि अजूनही लोक तिला "म्हणजे बंगालकडची का?" विचारतात, ती बिचारी घरात आपल्यापेक्षा अस्सल मराठी बोलते. तिच्याकडे डिसेंबरात सगळ्या बायका टेबलाभोवती बसून कुलकुल वळतात. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, साखर, थोडं तूप, घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. बोराएवढी गोळी घ्यायची, जेवायच्या काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर अंगठ्याने दाबून पसरवायची आणि एका टोकापासून गुंडाळत आणायची, वर रेघा उमटतात, शंखासारखं दिसतं. ती म्हणते काट्यापेक्षा कोरा नवा कंगवा बरा. मी पहिल्यांदा वळले ते शंख कमी आणि अळ्या जास्त दिसत होते, तिच्या आईने काही न बोलता माझे वेगळ्या ताटलीत ठेवले 😄 मंद आचेवर तळायचे, नाहीतर वरून लाल आणि आत पीठ.

सामानासाठी जांभळी नाक्याच्या बाजारात जा, सकाळी लवकर, अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते. बेकिंग पावडर घरात जुनी पडली असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली तर चांगली, नुसती बसून राहिली तर फेकून द्या. आणि पावडरच्या जागी सोडा ढकलू नका, सोड्याला दही, लिंबू असं आंबट काहीतरी लागतं, नानकटाईत ते नसतं, मग साबणासारखी चव येते.

आता जेवण. घरी जेवण करायचंच नाही! एकदा मी बेकिंग पण आणि पुलाव-कोशिंबीर पण असा बेत केला आणि दिवसभर मी ओट्याशी, मैत्रिणी हॉलमधे, त्यांच्या गप्पा मला भिंतीतून ऐकू येत होत्या. त्यापेक्षा सकाळी दहाला सगळ्यांना स्टेशनजवळ मामलेदारला बोलवा, मिसळ खाऊ घाला आणि मग घरी आणा. तहसीलदार कचेरीला लागून आहे म्हणून मामलेदार. पहिल्यांदा येणारी असेल तर तिला मिडियमच सांगा, तिखट मागवून शूरपणा दाखवणाऱ्या मी पाहिल्यात, नाक पुसत ताक शोधत असतात. नंतर दुपारभर गोड वासात राहायचंय, त्यामुळे पोटात आधी तिखट गेलेलं बरंच असतं.

चार वाजता परत भूक लागतेच. तेव्हा एकीला गजाननचा वडापाव आणायला पाठवा, तिथली पिवळी बेसनाची चटणी जास्तीची मागून घ्या, खरं तर माणसं त्या चटणीसाठीच जातात. मोठ्ठा वडा पाहिजे असेल तर स्टेशनजवळचं कुंजविहार, पण एक खाल्ला की कुलकुल वळायला कोणी उठणार नाही. संध्याकाळी डबे भरून झाले की तलावपाळीला चक्कर मारा, तिथलं सेंट जॉन चर्च नाताळात दिव्यांनी सजतं, बघण्यासारखं असतं.

नानकटाई पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. आणि ट्रे, भांडी, ओटीजीतला चुरा हे सगळं मैत्रिणी घरात असतानाच उरकून घ्या, तलावपाळीला निघायच्या आधी. एकदा का त्या बाहेर पडल्या की "अगं ट्रेन पकडायचीये" सुरू होतं आणि तुम्ही एकट्या तुपकट ट्रे घासत बसता.