नवं डिझाइन आधी खटकतं आणि मग आवडायला लागतं, असं का होतं?
बराचसा खेळ सवयीचा. १९६८ साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने लोकांना निरर्थक शब्द आणि चिनी लिपीसारखी चिन्हं कमी-जास्त वेळा दाखवली. जी जास्त वेळा दिसली, त्यांचा अर्थ चांगला असणार असं लोकांना वाटलं.

पण वस्तू नुसती दिसत नाही, ती हाताळली जाते. खरी गंमत तिथे आहे. पहिल्या दिवशी आपण रंग, आकार, चकाकी बघून मत बनवतो. महिन्याभराने बटण कुठे आहे हे बोटांनाच ठाऊक असतं. मग रूप मागे पडतं आणि काम किती बिनबोभाट होतं, यावर मत ठरतं. अ‍ॅपमधलं ओळखीचं बटण हलवलं की लोक चिडतात ते यामुळेच. नवी जागा कदाचित जास्त सोयीचीही असेल, पण बोटांचा हिशेब चुकतो ना!

सवयीने सगळंच गोड होतं असं मात्र नाही. देखणी पण ओतताना सांडणारी किटली रोज थोडी जास्तच डोक्यात जाते. म्हणून मी तरी पहिल्या दिवशीचं मत धरत नाही. दोन-तीन आठवड्यांनीही हात अडखळत असेल, तर दोष वापरणाऱ्याचा नाही.