स्टेटचे हेल्पर कसे लिहायचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न स्टेट (अ‍ॅप चालू असताना लक्षात ठेवलेला, बदलत जाणारा डेटा) आणि तिच्यासाठी लिहिलेल्या छोट्या छोट्या फंक्शन्सबद्दलच, म्हणजे हेल्परबद्दल होते, कुणी रिअ‍ॅक्टवाले, कुणी व्ह्यूवाले (दोन्ही जावास्क्रिप्टमध्ये स्क्रीन बांधायची साधनं), पण दुखणं बऱ्यापैकी सारखंच. म्हणून आख्खा कॉलम त्यालाच दिलाय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलंय, पण ते नीट समजलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं, त्यामुळे ते गाळून पुढे जाऊ नका.

प्रश्न: ताई, मी सहा महिन्यांपासून रिअ‍ॅक्ट शिकतोय. टूडू लिस्टमध्ये टिक करायला वेगळं हेल्पर फंक्शन केलंय. त्यात फाइंड वापरून आयटम शोधतो, त्याचं डन ट्रू करतो आणि लिस्ट परत सेटरला देतो. कन्सोलमध्ये सगळं बरोबर दिसतं पण स्क्रीन ढिम्म हलत नाही. मग दुसऱ्या बॉक्समध्ये काहीतरी टाइप केलं की अचानक टिक उगवते. दोन दिवस झाले, डोकं चालेना.

उत्तर: अरे, दोन दिवस घालवलेस पण लक्षण अगदी अचूक टिपलंयस, त्यातच उत्तर आहे. बघ, सेटरला, म्हणजे स्टेट बदलणाऱ्या फंक्शनला, काही दिलं की रिअ‍ॅक्ट आत शिरून प्रत्येक आयटम तपासत बसत नाही, ते फक्त एवढंच विचारतं की आधीची वस्तू आणि आत्ताची वस्तू एकच आहे का. तू आतलं डन बदललंस खरं, पण अ‍ॅरे तोच परत दिलास, म्हणजे रिअ‍ॅक्टच्या लेखी काही घडलंच नाही. दुसऱ्या बॉक्समध्ये टाइप केल्यावर वेगळ्या कारणाने रेंडर झालं, म्हणजे स्क्रीन पुन्हा काढली गेली, आणि तेव्हा तुझा आधीच बदललेला आयटम दिसला, म्हणून ती टिक अचानक उगवल्यासारखी वाटली.

आता हेल्पर असा लिही. त्याला दोन गोष्टी द्यायच्या, जुनी लिस्ट आणि आयडी. आत मॅप चालवायचा, ज्या आयटमचा आयडी जुळेल त्याच्या जागी स्प्रेड करून नवीन ऑब्जेक्ट ठेवायचं आणि त्यात डन उलटं करायचं, बाकीचे आयटम जसेच्या तसे परत द्यायचे. हे जसेच्या तसे फार महत्त्वाचंय. पुष्कळ जण घाईत सगळ्याच आयटमची कॉपी करतात, मग स्क्रीन बदलते खरी पण मेमोमध्ये (मिळालेली वस्तू तीच असेल तर रेंडर टाळणारी सोय) गुंडाळलेल्या सगळ्या ओळी पुन्हा रेंडर होतात, कारण प्रत्येक ओळीला नवीन ऑब्जेक्ट मिळालेलं असतं. ज्याला धक्का लागलाय तोच नवा, बाकी जुने.

हा हेल्पर कंपोनंटच्या बाहेर ठेव, वेगळ्या फाइलमध्ये. त्यात सेटर नको, हुक (यूजस्टेटसारखी रिअ‍ॅक्टची खास फंक्शन्स) नको, फेच (सर्व्हरवरून डेटा आणणं) नको. जुनी स्टेट आत, नवी स्टेट बाहेर, बस. मी या एका गोष्टीचा इतका आग्रह धरते कारण असा हेल्पर कुठेही चालतो, यूजस्टेटच्या सेटरमध्ये चालतो, उद्या यूजरिड्यूसर आणलंस तर तिथे चालतो, परवा टीमने झुस्टँड ही स्टेट सांभाळणारी लायब्ररी घेतली तर तिच्या सेटमध्येही तसाच बसतो. लायब्ररी बदलते, तुझं लॉजिक बदलत नाही.

आणि सेटरला थेट लिस्ट न देता फंक्शन दे, म्हणजे मागची लिस्ट हातात येईल आणि त्यावर हेल्पर चालव. का ते करून बघ: काउंट 0 असताना एकाच क्लिकमध्ये तीन वेळा काउंट अधिक एक सेट केलंस तर उत्तर 3 येत नाही, 1 येतं, कारण तिन्ही वेळा त्या रेंडरमधला तोच 0 वापरला जातो. फंक्शन दिलंस की प्रत्येक वेळी ताजी किंमत मिळते आणि 3 येतात.

पुश, स्प्लाइस, सॉर्ट, रिव्हर्स हे सगळे मूळ अ‍ॅरेच बदलतात, त्यांच्यापासून जपून. सॉर्ट तर जास्तच फसवतो कारण तो अ‍ॅरे परतही देतो, वाटतं नवीनच मिळाला. जावास्क्रिप्टच्या 2023 च्या स्टँडर्डमध्ये टूसॉर्टेड, टूरिव्हर्स्ड, टूस्प्लाइस्ड आलेत, ते मूळ अ‍ॅरेला हात न लावता नवीन देतात, ते वापर.

स्टेट तीन-चार थर खोल असेल तर मात्र स्प्रेडमध्ये स्प्रेड करत बसू नकोस, तिथे इमर ही लायब्ररी घे. इमर तुला एक ड्राफ्ट देतं, तो प्रॉक्सी असतो, त्याच्यावर बिनधास्त डन इक्वल टू ट्रू लिहायचं, कुठे काय बदललं ते लक्षात ठेवून इमर तेवढ्याच फांदीची नवी कॉपी काढून देतं. रिडक्स ही स्टेट एका स्टोअरमध्ये ठेवणारी लायब्ररी, तिच्या रिडक्स टूलकिटच्या क्रिएटस्लाइसमध्ये आत हेच बसवलंय, म्हणून तिथे रिड्यूसरमध्ये (जुनी स्टेट घेऊन नवी देणाऱ्या फंक्शनमध्ये) सरळ बदल केलेला चालतो आणि तेच बघून नवीन मुलं साध्या यूजस्टेटमध्येही तसंच करायला जातात. इमरचा एक खड्डा आधीच सांगून ठेवते: एक तर ड्राफ्ट बदल किंवा नवीन किंमत रिटर्न कर, दोन्ही एकदम केलंस तर ते एरर देतं. महिरपी कंस न लावता एका ओळीत अ‍ॅरो फंक्शन लिहिलं आणि त्यात ड्राफ्टची किंमत बदलली की ती किंमत नकळत रिटर्न होते आणि माणूस एरर वाचत बसतो की मी तर काहीच रिटर्न केलं नाही.

प्रश्न: आमच्या शॉपिंग कार्टमध्ये आयटम, एकूण रक्कम आणि फिल्टर केलेली लिस्ट असं सगळं स्टेटमध्ये आहे. काही बदललं की अपडेटटोटल नावाचा हेल्पर बोलावतो. तरी कधी कधी टोटल चुकते आणि नेमकी कधी ते सापडत नाही.

उत्तर: टोटल स्टेटमधून काढून टाका. अपडेटटोटल दुरुस्त करू नका, तो हेल्परच नको. टोटल ही आयटमवरून काढता येते ना, मग ती साठवायचं कारणच नाही. साठवली की एकच गोष्ट दोन ठिकाणी झाली आणि दोन ठिकाणं कधी ना कधी भांडणारच.

मी स्वतः यातून गेलेय. एका प्रोजेक्टमध्ये टोटल पुन्हा मोजणारं असंच फंक्शन आठ ठिकाणांहून बोलावलं जायचं, मग कुणीतरी कूपन काढून टाकायचं बटण जोडलं आणि त्या नवव्या ठिकाणी ते बोलवायचं राहिलं. कूपन गेलं पण रक्कम सवलतीचीच दिसत राहिली. रिव्ह्यू करणाऱ्या तिघांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही, त्यात मीही होते, कारण जे लिहायचं राहिलंय ते डोळ्यांना दिसतच नाही. तेव्हापासून मी स्टेटमधल्या प्रत्येक फील्डला विचारते, तू बाकीच्यांवरून निघतोस का? निघत असेल तर त्याचा सिलेक्टर करायचा, म्हणजे आख्खी स्टेट घेऊन हवी ती किंमत मोजून देणारं साधं फंक्शन.

फिल्टर केलेल्या लिस्टचंही तेच, स्टेटमध्ये फक्त मूळ आयटम आणि फिल्टरचा शब्द ठेवा. इथे एक जागा मात्र सांभाळा. फिल्टर दर वेळी नवीन अ‍ॅरे देतो, आतले आयटम तेच असले तरी, आणि रिडक्सचा यूजसिलेक्टर मागचं उत्तर आणि आत्ताचं उत्तर एकच आहे का एवढंच बघतो, म्हणजे स्टोअरमध्ये भलतीकडेच काही बदललं तरी तुमची लिस्ट पुन्हा रेंडर होणार. त्यासाठी क्रिएटसिलेक्टर आहे, तो रीसिलेक्टमधून येतो आणि रिडक्स टूलकिटमध्ये तयार मिळतो. तो इनपुट लक्षात ठेवतो, आयटम आणि फिल्टरचा शब्द दोन्ही तेच असतील तर पुन्हा मोजत नाही, मागचाच अ‍ॅरे हातात देतो. झुस्टँडच्या 5 व्या व्हर्जनमध्ये तर दर वेळी नवा अ‍ॅरे देणारा सिलेक्टर थेट रेंडरच्या न संपणाऱ्या लूपमध्ये नेऊ शकतो, तिथे यूजशॅलो लावा, तो आतले आयटम एकेक जुळवून बघतो. टोटलला यातलं काहीच लागत नाही, कारण तो आकडा आहे आणि आकडा तोच असला तर तुलना जमते.

प्रश्न: छोट्या अ‍ॅपला रिडक्स हवंच का? सगळे म्हणतात शिकून घे.

उत्तर: शिकून घ्या, पण छोट्या अ‍ॅपला नको. डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी 2015 मध्ये रिडक्स आणलं आणि पुढच्याच वर्षी अब्रामोव्हने स्वतः लिहिलं की ते प्रत्येकाला लागेलच असं नाही. यूजस्टेटवर सुरू करा, एकाच स्टेटवर चार-पाच प्रकारचे बदल व्हायला लागले की यूजरिड्यूसर घ्या. हुक रिअ‍ॅक्टच्या 16.8 व्हर्जनपासून, म्हणजे फेब्रुवारी 2019 पासून आहेत, त्यांच्यावर बरीच मजल मारता येते.

प्रश्न: आमचं जुनं अ‍ॅप व्ह्यूएक्सवर (व्ह्यूची जुनी स्टेट लायब्ररी) आहे, स्टोअरमधलं कंपोनंटमध्ये आणणारे मॅपस्टेट, मॅपगेटर्स, मॅपम्युटेशन्स, मॅपअ‍ॅक्शन्स सगळीकडे पसरलेत. आता एक नवीन मॉड्यूल पीनियात (व्ह्यूची नवी स्टेट लायब्ररी) केलं, त्यात स्टोअरमधून नाव आणि काउंट डीस्ट्रक्चर करून, म्हणजे वेगळे काढून घेतले तर ते पहिल्या किमतीवरच अडकून बसले. आणि जुनं सगळं बदलावं का?

उत्तर: आधी अडकलेलं सोडवू. पीनियाचं स्टोअर ही रिअ‍ॅक्टिव्ह वस्तू आहे, म्हणजे तुम्ही त्यातून वाचता तेव्हा व्ह्यू नोंद ठेवतं की ही किंमत इथे वापरली जातेय. डीस्ट्रक्चर केलं की त्या क्षणीचा आकडा तुमच्या हातात आला आणि स्टोअरशी नातं तुटलं, पुढे स्टोअर बदललं तरी हातातला आकडा तोच. त्यासाठी स्टोअरटूरेफ्स हा हेल्पर आहे, स्टेट आणि गेटर (स्टेटवरून मोजलेली किंमत) त्यातून काढा, ते रेफ होऊन येतात आणि जिवंत राहतात. अ‍ॅक्शन मात्र थेट स्टोअरमधून डीस्ट्रक्चर करा, त्या स्टोअरटूरेफ्स देत नाही.

जुनं एका दमात बदलू नका. व्ह्यूएक्स आणि पीनिया एकाच अ‍ॅपमध्ये शेजारी शेजारी चालतात, एकेक मॉड्यूल हलवा. पण हलवा नक्की, कारण व्ह्यूच्या टीमची शिफारस आता पीनियाचीच आहे आणि पीनियात म्युटेशन (व्ह्यूएक्समधलं स्टेट बदलणारं वेगळं फंक्शन) हा प्रकारच नाही, अ‍ॅक्शनमध्येच स्टेट बदलायची, त्यामुळे अर्धा मधला कोड आपोआप गळून पडतो. मॅपवाल्या हेल्परबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ते त्या काळात फार उपयोगी पडले, पण मॉड्यूलचं नाव आणि गेटरचं नाव स्ट्रिंगमध्ये लिहावं लागतं, एडिटरला ते कळत नाही, नाव बदललं की शोधत बसा, आणि टेम्पलेटमधला एखादा शब्द कुठून आला हे बघायला तीन फाइली उघडा. पीनियातही ऑप्शन्स पद्धतीच्या कंपोनंटसाठी मॅपस्टेट आणि मॅपरायटेबलस्टेट आहेत, जुने कंपोनंट हलवताना तेवढ्यापुरते वापरा, नवीन कंपोनंटमध्ये नको.

प्रश्न: सर्च बॉक्समध्ये पटापट टाइप केलं की कधी कधी जुन्या शब्दाचे रिझल्ट दिसतात. फेच करून स्टेटमध्ये टाकणारा एकच हेल्पर आहे.

उत्तर: उत्तरं ज्या क्रमाने मागितली त्याच क्रमाने येतील असं नसतं. दोन अक्षरांचं उत्तर रेंगाळलं आणि पाच अक्षरांच्या उत्तरानंतर पोचलं तर तुमचा हेल्पर तेच शेवटी लिहून मोकळा होतो. अबॉर्टकंट्रोलर घ्या, नवीन फेच सुरू करताना आधीचं रद्द करा आणि रद्द झाल्यामुळे येणारी एरर युजरला दाखवू नका, ती खरी एरर नव्हे. नुसता डीबाउन्स (टाइप करणं थांबेपर्यंत रिक्वेस्ट रोखणं) लावून हे सुटत नाही, रिक्वेस्ट कमी होतात एवढंच.

पण खरं सांगायचं तर सर्व्हरवरून आलेला डेटा ही तुमची स्टेट नव्हेच, ती सर्व्हरकडच्या गोष्टीची तुमच्याकडची कॉपी आहे आणि ती शिळी होते. लोडिंग, एरर, पुन्हा आणणं, कॅश, एवढं सगळं हाताने लिहिण्यापेक्षा टॅनस्टॅक क्वेरी किंवा आरटीके (रिडक्स टूलकिट) क्वेरी यांतलं एक घ्या. मग स्टोअरमध्ये काय उरतं ते बघा, कुठला टॅब उघडाय, फिल्टर काय आहे, फॉर्ममध्ये काय लिहिलंय, इतकंच.

प्रश्न: स्टेट लोकलस्टोरेजमध्ये ठेवून परत आणली की तारखेवर गेटइयर चालत नाही, एरर येते.

उत्तर: लोकलस्टोरेजमध्ये फक्त स्ट्रिंग राहते, म्हणून स्टेट जेसन करून ठेवली जाते, आणि जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही, तिची स्ट्रिंग होते आणि परत येताना स्ट्रिंगच येते. मॅप आणि सेट या प्रकारच्या वस्तू ठेवल्यात तर त्यांचं रिकामं ऑब्जेक्ट होतं, अनडिफाइन्ड असलेलं फील्ड गायबच होतं. वाचणाऱ्या हेल्परमध्ये तारीख पुन्हा घडवा, आणि लिहिताना सोबत व्हर्जनचा आकडा ठेवा, कारण उद्या तुम्ही स्टेटचा आकार बदलाल आणि कुणाच्या तरी ब्राउझरमध्ये महिन्याभरापूर्वीची स्टेट पडलेली असेल. झुस्टँडच्या परसिस्टमध्ये व्हर्जन आणि मायग्रेट दोन्ही आहेत. वाचणं आणि लिहिणं दोन्ही ट्राय-कॅचमध्ये असू द्या, जागा संपली की लिहिताना एरर येते.

प्रश्न: हेल्परची टेस्ट लिहिताना नवी स्टेट बरोबर आली हे तपासतो. आणखी काय तपासावं?

उत्तर: जुनी स्टेट बिघडली नाही ना, ते. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे हेल्परला देण्याआधी जुनी स्टेट ऑब्जेक्ट डॉट फ्रीझने गोठवायची, मग आत कुणी चुकून पुश किंवा सॉर्ट केलं की टेस्ट तिथेच एरर देऊन थांबते. पहिल्या प्रश्नातल्या मुलाने एवढं केलं असतं तर त्याचे दोन दिवस वाचले असते, फक्त त्याच्या बाबतीत आणखी एक करावं लागलं असतं, कारण फ्रीझ वरचा एकच थर गोठवतो, अ‍ॅरे गोठतो पण आतल्या आयटमचं डन मोकळंच राहतं. तेव्हा प्रत्येक थरात उतरून फ्रीझ करणारं चार-पाच ओळींचं फंक्शन टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक हेल्परची टेस्ट त्यानेच सुरू करा.