तुळशीच्या कुंडीतल्या गोळ्या

प्रश्न : आम्ही इंदूरच्या रामबागेत राहतो. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या असून दीड वर्षापूर्वी त्यांना स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले. रक्तदाब, मधुमेह आणि स्मृतिभ्रंश मिळून सकाळी सहा गोळ्या असतात. “मला काही झालेलं नाही, तुम्ही मला गुंगीचं औषध देता,” असे म्हणून त्या तोंड घट्ट मिटून घेतात. परवा तुळशीच्या कुंडीत पाण्याने फुगलेल्या चार गोळ्या सापडल्या. गोळ्या कुटून पोह्यांत घातल्या तर चालेल का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुटू नका. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. शिवाय कडू चव एकदा ओळखली, तर सासूबाई पोहेही नाकारतील. लपवून देण्याची वेळ आलीच, तर तो निर्णय डॉक्टर आणि घरचे सर्वजण यांनी मिळून घ्यावा.

“मला काही झालेलं नाही” हा त्यांचा हट्ट नव्हे. आपण आजारी आहोत हे कळण्याची क्षमताच या आजारात अनेकदा हरवते, त्यामुळे पटवून देण्यात सकाळ घालवू नका. त्याऐवजी कवळी टोचते का, तोंड आले आहे का, पाणी पिताना ठसका लागतो का, हे आधी पाहा. मग सगळी औषधे घेऊन डॉक्टरांकडे जा आणि यांतल्या कोणत्या खरोखर हव्यात, कोणत्या कमी करता येतील, हे स्पष्ट विचारा. रिव्हास्टिग्मिन हे स्मृतिभ्रंशावरचे औषध चोवीस तासांच्या चिकटपट्टीतूनही मिळते. ती पाठीवर, हात पोहोचणार नाही अशा जागी लावता येते, मात्र नवी लावण्यापूर्वी जुनी काढायला विसरू नये. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका, आणि गोळी गिळली की नाही याची खात्री नसेल तर दुसरी देऊ नका. सासूबाई जेवल्याच नाहीत, तर मधुमेहाच्या गोळीचे काय करायचे हेही आधीच विचारून ठेवा, कारण काही गोळ्यांनी साखर धोकादायक इतकी उतरते.

पूजेनंतर तीर्थासाठी उजवा तळहात आपोआप पुढे होतो का? आठवणी गेल्या तरी अशा सवयी बराच काळ टिकतात. तीर्थ घेऊन झाले की त्याच तळहातावर एकच गोळी ठेवा आणि “आई, रक्तदाबाची गोळी” एवढेच म्हणा. तिला प्रसाद मात्र म्हणू नका. संशय आला तर तीर्थही बंद होईल. नकार मिळाला तर वीस मिनिटांनी पुन्हा या किंवा नातवाला पाठवा. सुनेच्या हातची नको असलेली गोळी नातवाच्या हातून चालते, असे पुष्कळ घरांत दिसते. ते मनाला लावून घेऊ नये.

नकार एक-दोन दिवसांत अचानक वाढला आणि सोबत गुंगी किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी तपासून घ्या. लघवीच्या संसर्गानेही असे होते.

कुंडीतल्या त्या चार गोळ्यांविषयी डॉक्टरांना आवर्जून सांगा. औषध पोटात जाते आहे असे समजून ते मात्रा वाढवत राहतील, आणि एखाद्या दिवशी सासूबाई ती सगळी खरोखरच गिळतील.